तारेचे दुखणे आणि त्याची वर्दी



तारायंत्र आणि दूरध्वनी यांचा इतिहास आपण बहुधा निरोपांचा इतिहास म्हणून वाचतो. पहिला संदेश कोणी धाडला, कोठून कोठे धाडला, तो किती वेळात पोचला, या गोष्टी शाळेच्या क्रमिक पुस्तकांतही असतात. परंतु तार टाकण्याचे काम एकदाच करावयाचे असते, आणि ती चालती ठेवण्याचे काम रोज करावयाचे असते. या दुसऱ्या कामाचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. तार बिघडली हे कळते कसे, कोणास कळते, किती वेळाने कळते, आणि बिघाड नेमका कोठे झाला हे शोधण्याच्या युक्त्या आपल्या देशात गेल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत कशा बदलत गेल्या, हे आज आपणापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

हा विषय मला सुचण्याचे कारण माझा जिल्हा होय. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ साली येथेच सापडला. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातील हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. परंतु दळणवळणाच्या दृष्टीने या भूभागाचे स्थान फारसे पालटले नाही. मुंबईहून नागपूरला जाणारी लोहमार्गाची मुख्य वाट १८६७ साली पुरी झाली, ती अकोल्यावरून. वाशीम त्या वाटेपासून दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटर आत. वाट असो की तार असो, आमच्याकडे ती आली ती फांदी म्हणून. आणि फांदीचा स्वभाव असा, की ती मोडली तर बुंध्यास चटकन कळत नाही.

येथेच या विषयातील खरी अडचण आहे. ज्याची तार बिघडली, त्याने ती बिघडल्याचे कळवावयाचे कसे? कळविण्याचे साधन तेच तर बंद पडलेले असते. ज्या गावात एकच दूरध्वनी होता, त्या गावच्या माणसास तो बंद पडल्याची तक्रार नोंदविण्यासाठी सायकल काढून दुसऱ्या गावी जावे लागे. शहरात शेजारच्या घरी जाऊन हेच काम दोन मिनिटांत होई. बिघाड एकच, पण तो जितका दूर तितका उशिरा कळे. म्हणून मी म्हणतो की, वर्दी देणाऱ्या घंटेचा आणि दिव्याचा इतिहास हा केवळ यंत्रांचा इतिहास नव्हे. दूर राहणाऱ्याचे मौन ऐकू यावे यासाठी केलेल्या खटपटीचा तो इतिहास आहे.

या खटपटीचा आरंभ आपल्या देशात एका वैद्याने केला. डॉ. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हे कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असत. त्यांनी १८३९ साली कलकत्त्यानजीक तार टाकून प्रयोग केले. त्या प्रयोगांत निरोप वाचावयाचा तो बोटांना बसणाऱ्या विजेच्या झटक्यांवरून. रोग्याची नाडी पाहावी तशी तारेची नाडी पाहण्याचाच हा प्रकार होता. पुढे १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. ओशॉनेसींचे बंगाली सहकारी शिवचंद्र नंदी यांनी या कामी मोठा भाग घेतला. नोव्हेंबर १८५३ मध्ये लांब पल्ल्याच्या तारेचे काम सुरू झाले, आणि २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याचा निरोप कलकत्त्यास पोचला. मुंबई व मद्रास याही शहरांना जोडणारे सुमारे ४००० मैलांचे जाळे त्यानंतर थोड्याच काळात उभे राहिले.

या जाळ्यास दुखणी होती ती आपल्या हवामानाची. वादळात खांब पडत, वेली तारेवर चढत, पावसात ओल धरली म्हणजे वीज खांबावाटे जमिनीत झिरपून जाई. त्या काळी दोष शोधावयाचा म्हणजे माणसाने तारेखालून चालत जावयाचे. जेथे तार तुटलेली दिसेल तेथे जोडावयाची. तुटलेली तार डोळ्यांस दिसते. पण झिरपणारी वीज डोळ्यांस दिसत नाही, ही या पद्धतीची मर्यादा होती. दुसरी मर्यादा वेळेची. माणूस दिवसातून जितके मैल चालेल, तितक्याच वेगाने दोष सापडणार.

बिघाडाचा अर्थ लावणे किती बिकट असते, याचे एक उदाहरण १८५७ सालच्या इतिहासातच आहे. १० मे १८५७, रविवार. मेरठेस शिपायांचा उठाव झाला. त्या दिवशी दिल्लीच्या तारकचेरीत मेरठेची तार मुकी झाली. कचेरीतील दोन तरुण मदतनीस यमुनेपलीकडे गेले आणि तेथून त्यांनी दोन्ही दिशांना तार करून पाहिली. दिल्लीशी बोलता आले, मेरठेशी येईना. म्हणजे नदीपर्यंतची तार शाबूत, दोष पलीकडे, हे निश्चित झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचे प्रमुख चार्ल्स टॉड तो दोष शोधण्यासाठी स्वतः निघाले, ते परत आले नाहीत. वाटेतच मारले गेले. मागे राहिलेल्या ब्रेंडिश व पिल्किंग्टन या मदतनिसांनी त्या दिवशी अंबाल्यास तार करून दिल्लीतील बातमी कळविली.

या प्रसंगाच्या राजकीय बाजूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी तो येथे एका शिक्षकाच्या दृष्टीने सांगतो. शोधाची रीत अगदी योग्य होती: तार मधोमध गाठावी, दोन्हीकडे बोलून पाहावे, जी बाजू उत्तर देईल ती सोडून द्यावी, आणि उरलेल्या बाजूचे पुन्हा दोन भाग करावे. आजही प्रत्येक कुशल लाइनमन हेच करतो. परंतु मुकी तार फक्त आपण मुकी आहोत एवढेच सांगते. का मुकी आहोत हे सांगत नाही. पावसाने पडलेला खांब, चोराने नेलेली तार आणि पेटलेला मुलूख, या तिन्हींचे मौन कचेरीत बसलेल्या माणसास एकसारखेच ऐकू येते.

म्हणून पुढील काळातील प्रयत्न दोन दिशांनी झाले. पहिला प्रयत्न असा की, जागचे न हलता दोष कोठे आहे हे कळावे. दुसरा असा की, त्या मौनासच काही अर्थ यावा.

पहिल्या प्रयत्नात आपल्या देशाच्या तारखात्याचा वाटा मोठा आहे. लुई श्वेंडलर नावाचे जर्मन विद्युत्तज्ज्ञ या खात्यात होते. यांचाच खाजगी प्राणिसंग्रह पुढे कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयाचा पाया ठरला, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही. त्यांनी १८७० नंतरच्या दशकात तारांची परीक्षा कशी करावी याविषयी खात्यासाठी जी सूचनांची पुस्तके लिहिली, ती भारताबाहेरही मान्य झाली. त्या परीक्षेचे तत्त्व त्रैराशिकाइतके सोपे आहे, म्हणून ते आपणांस सांगतो.

समजा, अकोल्याहून वाशीमपर्यंत दोन तारा आहेत, प्रत्येकी ८० किलोमीटर. त्यांतील एक कोठेतरी जमिनीस लागली आहे. वाशीमच्या तारमास्तराने दोन्ही तारांची टोके एकमेकांस जोडावयाची. आता अकोल्याच्या हाती १६० किलोमीटरची एक अखंड माळ आली. अकोल्याच्या कचेरीत एक मोजण्याचा पूल असतो. तो व्हीटस्टन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या दोन बाजूंचा विरोध कमीअधिक करीत गेले म्हणजे एका क्षणी काटा शून्यावर स्थिर होतो. त्या वेळी पुलाच्या दोन बाजूंचे जे प्रमाण, तेच दोषाच्या अलीकडच्या व पलीकडच्या तारेचे प्रमाण. प्रमाण ३ास ५ असे निघाले, तर १६० चे आठ भाग करून तीन भाग घ्यावयाचे. उत्तर ६० किलोमीटर. म्हणजे दोष अकोल्याहून ६० आणि वाशीमहून २० किलोमीटरवर, मालेगावच्या आसपास. आता माणसाने ८० किलोमीटर पायपीट करावयास नको. मालेगावास उतरावे व चार खांब पाहावे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे ठराविक वेळी परीक्षा घेऊन आकडे नोंदवहीत लिहून ठेवण्याची शिस्त. तारेचा आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडून पाहिला, की ती हळूहळू ओल धरीत आहे हे ती बंद पडण्याच्या आधीच उमगते. रोज ताप मोजणाऱ्या घरात आजार लवकर लक्षात येतो, तसेच हे.

दुसरा प्रयत्न मौनास अर्थ देण्याचा. तारेत वीज खेळविण्याच्या दोन पद्धती होत्या. एका पद्धतीत निरोप धाडतानाच वीज सोडीत. एरवी तार रिकामी. या पद्धतीत तार शांत असली, तर निरोप नाही म्हणून शांत आहे की तुटली म्हणून शांत आहे, हे ओळखता येत नाही. दुसरी पद्धत अमेरिकेत रूढ होती. तीत प्रवाह अखंड चालू असे, आणि तो खंडित करून निरोप धाडीत. घटमाला सतत खर्ची पडे हा तीतील तोटा. पण तार तुटताच प्रवाह थांबे व दोन्ही टोकांस ते त्याच क्षणी कळे. घरात देवापुढे नंदादीप तेवत असतो, तो विझला तर घरच्या माणसाचे लक्ष आपोआप जाते. पण जो दिवा कधी लावलाच नाही, तो आज लागणार नाही हे कोणास कळणार? वर्दी देणाऱ्या बहुतेक सर्व चांगल्या यंत्रांचे मर्म या नंदादीपात आहे. जे सतत काहीतरी सांगत असते, त्याचेच गप्प होणे ध्यानात येते.

आता दूरध्वनीकडे वळू. २८ जानेवारी १८८२ हा आपल्या देशातील दूरध्वनिसेवेच्या औपचारिक आरंभाचा दिवस मानतात. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे त्या सुमारास विनिमय केंद्रे उघडली. त्यांनाच आपण पुढे एक्स्चेंज म्हणू लागलो. आरंभी तेथे माणसे बसून जोडण्या करीत. माणूस समोर असल्यामुळे बिघाड त्याच्या कानावर येई. परंतु १९१३-१४ च्या सुमारास सिमल्यास ७०० जोडण्यांचे पहिले स्वयंचलित केंद्र आले, आणि तेव्हापासून प्रश्न बदलला. यंत्र स्वतः जोडणी करू लागले, तेव्हा यंत्राचे दुखणे सांगावयाचे कोणी? उत्तर एकच: यंत्रानेच.

त्या जुन्या स्वयंचलित केंद्रांतील वर्दीची व्यवस्था मोठी शहाणपणाची होती. प्रत्येक फळीवर बारीक फ्यूज असत. त्यांतील तार वितळली की तिने ताणून धरलेली लवचिक पट्टी सुटे व दुसऱ्या पट्टीस जाऊन टेके. त्यासरशी दिवा लागे व घंटा वाजे. पण नुसत्या घंटेने काय होणार? शेकडो फळ्यांच्या त्या दालनात कोठे पाहावयाचे? म्हणून दिव्यांची उतरंड केलेली असे. दाराशी एक दिवा. तो पाहून तंत्रज्ञ आत येई. प्रत्येक रांगेच्या टोकास एक दिवा. त्यावरून रांग कळे. रांगेतील चौकटीवर एक दिवा. त्यावरून चौकट कळे. मग फळी, मग फ्यूज. वर्दी अशी असावी की तिने केवळ घाबरवू नये, हात धरून दुखऱ्या जागेपर्यंत न्यावे. याखेरीज वर्दीचे दोन वर्ग असत: ताबडतोब धाव घ्यावयाची, आणि सकाळपर्यंत थांबली तरी चालणारी. हा विवेक नसता, तर रात्रपाळीचा माणूस एक तर धावून थकला असता, नाही तर घंटेस सरावून झोपी गेला असता.

तथापि या व्यवस्थेत एक मोठी उणीव राहून गेली होती, आणि ती नेमकी दूरच्या माणसास बाधणारी होती. ग्राहकाच्या घरापर्यंत तांब्याच्या दोन तारा जातात. केंद्रातून त्यांवर ४८ व्होल्टचा दाब असतो. तो प्रत्येकी २ व्होल्टच्या २४ घटांचा. कानास लावावयाचा भाग उचलला की मंडल पुरे होते व प्रवाह वाहू लागतो. ठेवला की थांबतो. आता पाहा. दोन तारा पावसात एकमेकींस चिकटल्या, तर केंद्रास वाटते की ग्राहकाने फोन उचलून ठेवला आहे. काही वेळाने त्याची वर्दी लागते. परंतु तार तुटली तर? तुटलेली तार आणि जागेवर ठेवलेला फोन, दोहोंतही प्रवाह नाही. केंद्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. म्हणजे चिकटलेली तार ओरडते आणि तुटलेली तार गप्प बसते. ज्याचे दुखणे अधिक, त्याचीच वर्दी नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग माणसांतून जाई. ग्राहकाने कसेही करून १९८ या क्रमांकावर कळवावयाचे. मग परीक्षेच्या मेजावरचा तंत्रज्ञ ती जोडी आपल्या मापकास लावी. प्रत्येक तार व जमीन यांत वीज झिरपते का, दोन तारांत आपसांत झिरपते का, हे तो पाही. तुटलेली तार ओळखण्याची त्याची युक्ती तर पाहण्यासारखी. फोनच्या घंटीबरोबर एक कंडेन्सर जोडलेला असतो. तारेवर एकदम दाब दिला, की तो भरताना मापकाचा काटा एक उडी मारतो. उडी पुरी असेल तर तार घरापर्यंत शाबूत आहे. उडी थोटकी असेल तर तार वाटेत तुटली आहे. आणि काटा जवळजवळ हललाच नाही तर केंद्राजवळच तुटली आहे. मग लाइनमन निघे. केंद्रातील मुख्य चौकट, रस्त्यावरचे कॅबिनेट, त्यापुढचा पिलर, खांबावरचा डीपीचा खोका, आणि तेथून घरात येणारी तार, या पाच ठिकाणांपैकी मधल्या ठिकाणी तो आधी कान लावी. यमुनेच्या तीरावर १८५७ साली जे झाले, तीच ही रीत.

आमच्या काळ्या जमिनीने या कामाची कसोटी पाहिली. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते; खांब कलतात, पुरलेल्या केबलचे सांधे ताणले जातात, सांध्यांतून पाणी शिरते. मृगाच्या पहिल्या सरींनंतर तक्रारींची रांग लागे, त्यात नवल नव्हते.

खेडोपाडी दूरध्वनी नेण्याच्या कामास खरा वेग आला तो ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेमुळे. सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडमुखांचे छोटे केंद्र तयार केले. पहिले केंद्र १९८६ साली कर्नाटकात कित्तूर येथे सुरू झाले. थंड हवेच्या यंत्रावाचून धुळीत व उन्हाळ्यात चालावे, हा त्याचा गुण सर्वत्र सांगितला जातो. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्याचे वैशिष्ट्य निराळे. खेड्यातील केंद्रात चोवीस तास माणूस बसविणे शक्य नसते. म्हणून यंत्राने आपली परीक्षा आपणच घ्यावी, दोष असलेला भाग बाजूस सारून दुसऱ्यावर काम चालवावे, आणि दिवा लावून कळवावे, अशी त्याची रचना होती. पुढे आमच्या वाशीमास ०७२५२ हा थेट क्रमांक मिळाला, आणि दूर देशी गेलेल्या मुलांचे आवाज घरोघर येऊ लागले.

आज तांब्याची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे. २५ ऑक्टोबर २०११ रोजी ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने मंजूर केली. तीच आता भारतनेट या नावाने ओळखली जाते. तारसेवेचा अखेरचा दिवस १४ जुलै २०१३ हा ठरला. म्हणजे एक युग मिटत असता दुसरे उघडत होते.

वर्दीच्या दृष्टीने काचेच्या तंतूने एक फार जुनी उणीव दूर केली. यात केंद्रातील एक यंत्र एका तंतूवरून प्रकाश पाठविते. वाटेत एक विभाजक त्या प्रकाशाचे ३२ वा ६४ वाटे करतो, आणि प्रत्येक घरी एक छोटी पेटी तो वाटा घेते. केंद्राचे यंत्र प्रत्येक पेटीची अखंड हजेरी घेत असते. कोणी बोलत असो वा नसो, हजेरी चालूच. हाच तो नंदादीप. पेटीने उत्तर दिले नाही की केंद्रास तत्क्षणी कळते, आणि पेटीवरही तांबडा दिवा लागतो. एकच पेटी गप्प झाली तर दोष तिच्या स्वतःच्या तंतूत. बत्तीसही एकदम गप्प झाल्या तर दोष विभाजकाच्या अलीकडे. हजेरीपटावर एक मुलगा गैरहजर असला तर त्याच्या घरी चौकशी करावी; एका गावचे सगळेच गैरहजर असले तर ओढ्यास पूर आला असावा, हे शिक्षकास कोणी शिकवावे लागत नाही.

याहून हृद्य अशी एक योजना त्या पेटीत आहे. वीज गेली की पेटी बंद पडणारच; पण बंद पडण्यापूर्वी तिच्यात साठलेल्या क्षणभराच्या विजेवर ती केंद्रास एक शेवटचा निरोप धाडते. इंग्रजीत त्यास ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात, म्हणजे अखेरचा श्वास. हा निरोप आला तर समजावे की गावची वीज गेली आहे. तंतू धड आहे, माणूस धाडण्याची घाई नको. निरोप न येता मौन पडले तर समजावे की तंतूच तुटला असावा, आता निघा. १८५७ साली ज्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीच्या कचेरीस मिळाले नाही, ‘तार गप्प का झाली?’, त्याचे निदान अर्धे उत्तर आज यंत्र देते.

दोषाची जागाही आता प्रकाशच सांगतो. तंतूत प्रकाशाचा एक क्षणिक झोत सोडावा. तुटल्या जागी आपटून त्याचा काही अंश परत येतो. काचेत प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर चालतो. वाशीमहून सोडलेला प्रकाश २०० दशलक्षांश सेकंदांत परत आला, तर जाऊन येऊन ४० किलोमीटर झाले. म्हणजे दोष २० किलोमीटरवर. पुन्हा तेच मालेगाव, पुन्हा तेच त्रैराशिक. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राच्या फावड्याने तंतू तोडला असेल, तर तो नेमका कोणत्या मैलाच्या दगडाशी, हे जागेवरून न उठता कळते.

मग आता प्रश्न सुटला काय? माझे उत्तर असे की यंत्राचा सुटला, माणसाचा सुटावयाचा आहे.

वर्दीची योजना करणे हे काम दिसते तितके सोपे नाही. १८६५ साली पॅरिस येथे स्थापन झालेल्या तारसंघाच्या वंशातील जागतिक संस्थेने १९९२ साली वर्दीच्या पायऱ्या नेमून दिल्या: प्राणांतिक, मोठी, लहान, आणि सावधगिरीची. परंतु कोणत्या दुखण्यास कोणती पायरी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. प्रकाश किती मंदावला म्हणजे इशारा द्यावा? उंबरठा फार खाली ठेवला तर इशारा येईपर्यंत सेवा बंद पडलेली असते. फार वर ठेवला तर रोज खोटी घंटा वाजते. क्षणभर डोळा लवला तरी वर्दी द्यावी, की काही सेकंद वाट पाहावी? एक मोठा तंतू तुटला म्हणजे त्यामागची शेकडो यंत्रे एकदम आक्रोश करू लागतात. त्या कल्लोळात मूळ दोषाची एकच हाक असते, ती वेचून काढावयाची असते. ज्या गावी वीज रोज जाते, तेथील वर्दीही रोज येते. कंटाळलेला माणूस एके दिवशी त्या गावची घंटा बंद करून ठेवतो, आणि नंतर खरोखरच तंतू तुटतो तेव्हा ऐकावयास कोणी नसते. पाहा, दूरचे गाव पुन्हा मुके झाले; या वेळी तार नसल्यामुळे नव्हे, तर कान मिटल्यामुळे.

दुसरी गोष्ट हातांची. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमातील सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छेने निवृत्त झाले. कोणत्या खांबाखाली कोणता सांधा आहे, कोणत्या नाल्यापाशी केबल दर पावसाळ्यात भिजते, हे ज्ञान अशा जुन्या माणसांच्या डोक्यात असते. ते नोंदवहीत उतरले नसेल तर त्यांच्याबरोबर घरी जाते. श्वेंडलर यांनी आकडे लिहून ठेवण्याचा जो आग्रह धरला, त्याची किंमत अशा वेळी कळते.

वाशीमसारख्या जिल्ह्यास हे सर्व उपरे नाही. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत वाशीम आहे. आज शिधावाटपाच्या दुकानात अंगठा उमटवावयाचा तर जोडणी हवी. ग्रामपंचायतीचा दाखला, बँकेच्या प्रतिनिधीकडून पेन्शनचे पैसे, विद्यार्थ्यांचे अर्ज, सर्वांस जोडणी हवी. पूर्वी तार बंद पडली तर एक निरोप अडे. आता एका म्हातारीचे धान्य अडते. आणि ती म्हातारी कोणत्याही क्रमांकावर तक्रार नोंदवीत नाही. ती उद्या पुन्हा येते. तिचे ते निमूटपणे परत जाणे कोणत्याही यंत्राच्या पडद्यावर उमटत नाही.

म्हणून जेथे जेथे नवे यंत्र बसेल, तेथे गावाने व शहराने तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी असे मला वाटते. हे बंद पडले तर कोणास कळेल? कळल्यावर किती वेळात कोण निघेल? आणि दुरुस्ती झाली हे गावास कोण सांगेल? या तिन्ही प्रश्नांस माणसाचे नाव उत्तर म्हणून मिळाले, तर ती वर्दीची व्यवस्था पुरी झाली. केवळ यंत्राचे नाव मिळाले, तर ती अर्धीच राहिली. तसेच, ज्या गावाकडून महिनोन्महिने एकही तक्रार आली नाही, ते गाव सुखी आहे असे मानू नये. एकदा जाऊन पाहावे.

ओशॉनेसींच्या बोटांना बसलेल्या झटक्यापासून आजच्या पेटीच्या अखेरच्या श्वासापर्यंत यंत्राने बोलावयास शिकण्यात कसूर केलेली नाही. ऐकण्याचा आणि निघण्याचा वाटा आपला आहे.